बेगम बाजारातला डावा गाल

मित्रांनो, मला फार वेळ एका जागी बसून बोलता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी एक जुनी तंतुपेशी आहे. आत्ता तुमच्याशी बोलतानासुद्धा माझे हात चाललेलेच आहेत. तेव्हा मधेच थांबले, किंवा एखादी गोष्ट दोनदा सांगितली, तर रागावू नका. माझा स्वभावच असा आहे.

माझा पत्ता म्हणजे हैदराबादच्या बेगम बाजारातले सुपारीचे व्यापारी एकनाथराव यांचा डावा गाल. आतली बाजू. वर जे ओलं, नरम अस्तर असतं ना, त्याच्या जरासं खाली आमचा मोहल्ला. तुमच्या शाळेच्या पुस्तकात आमच्या कुळाला संयोजी ऊती असं भारदस्त नाव दिलेलं आहे. काम मात्र अगदी साधं. आम्ही बारीक बारीक तंतू विणतो, आणि त्या विणीवर सगळं शरीर जागच्या जागी धरून राहतं. गाल ओढला की ताणला जातो आणि सोडला की परत जागेवर येतो, ते आमच्यामुळे. रक्ताचं कौतुक सगळे करतात, मेंदूचं तर विचारूच नका. पण तंतुपेशीची साधी विचारपूस कोणी केल्याचं मला आठवत नाही. जाऊ द्या.

गालापासून कान आणि डोळे हाकेच्या अंतरावर, त्यामुळे घरातलं आणि दुकानातलं सगळं मला ऐकू येतं, दिसतं. एकनाथराव घरी मराठी बोलतात, हमालांशी तेलुगू आणि गिऱ्हाइकांशी दक्खनी. त्यांचे आजोबा नांदेडकडचे शेतकरी. निजामाच्या काळात ते हैदराबादला आले आणि शेती सोडून व्यापारात पडले. मला तिन्ही भाषा समजतात. बोलता मात्र एकही येत नाही, आणि यातच सगळं दुखणं आहे.

एकनाथराव लहान असताना गौलीगुड्याच्या गल्लीत ऊस चावत चावत पळत होते. ठेच लागून आपटले आणि दात गालात घुसला. केवढं रक्त! ते भोकाड पसरून रडत होते आणि इकडे आमचे हात शिवशिवायला लागले. जखम झाली की आम्हाला हुकूम येतो, "विणा!" मग आम्ही भूक-तहान विसरून विणत सुटतो. जखम भरली की दुसरा हुकूम येतो, "पुरे." पहिला हुकूम मला फार आवडतो. दुसरा ऐकताना जरा जिवावर येतं, पण ऐकावा लागतो. त्या वेळी आम्ही इतकं सफाईदार काम केलं, की आठवड्याभरात एकनाथरावांनी जीभ फिरवून पाहिलं तर जखम कुठे होती तेच त्यांना सापडेना. असे ते दिवस होते.

पुढे एकनाथराव मोठे झाले आणि वडिलांच्या गादीवर बसू लागले. वडिलांनी त्यांना पहिल्याच दिवशी चाखायला शिकवलं. आता हे चाखणं म्हणजे काय, ते नीट ऐका. सुपारीचं पोतं आलं की वरची सुपारी कोणीही छानच ठेवतो. म्हणून हात पार तळापर्यंत घालून एक सुपारी काढायची, अडकित्त्याने फोडायची आणि एक खांड डाव्या गालात ठेवायचं. चावायचं नाही. तिथेच राहू द्यायचं, आणि तोवर उजव्या बाजूने गिऱ्हाइकाशी बोलत राहायचं. हळूहळू रस सुटतो. मग माल जुना की नवा, वजन वाढवायला पाण्यात भिजवलाय का, आतून बुरशी धरलीय का, सगळं कळतं. कळलं की खांड थुंकून टाकायचं आणि भाव बोलायचा.

एकनाथरावांचा गाल कधी चुकला नाही. बाजारात भांडण झालं तर लोक मूठभर सुपारी घेऊन त्यांच्याकडे यायचे. "एकनाथ सेठ का गाल बोल्या तो बोल्या," असं म्हणून दोन्हीकडचे गुपचूप परत जायचे. मला छाती असती तर फुगली असती! एवढ्या मोठ्या बाजारात ज्याच्या शब्दाला मान, तो गाल आम्ही विणलेला होता.

आणि माणूस कसा, तर अगदी निर्व्यसनी. दुकानात कोणी हमाल गुटख्याची पुडी फोडताना दिसला की एकनाथराव त्याची बिनपाण्याने करायचे. घरी जेवणानंतर पाहुण्यांपुढे सुपारीचं तबक यायचं, पण ते स्वतः हात लावायचे नाहीत. कोणी आग्रह केलाच तर म्हणायचे, "मी सुपारी खात नाही. चाखतो." हे ते इतक्या ठासून सांगायचे, की कुसुमताई, म्हणजे त्यांच्या मंडळी, याही तेच चारचौघांत अभिमानाने सांगू लागल्या. दोघांच्याही मनात काडीचं खोटं नव्हतं. म्हणूनच तर मला जास्त वाईट वाटतं.

आता आमच्या मोहल्ल्यात काय चाललं होतं ते सांगते. सुपारीचा रस अस्तरातून झिरपत खाली यायचा आणि आला की हुकूम वाजायचा, "विणा!" आम्ही दचकून इकडे तिकडे बघायचो. जखम कुठाय? जखम कुठेच नसायची. पण हुकूम म्हणजे हुकूम. आम्ही विणत सुटायचो. थोड्या वेळाने "पुरे" येईल म्हणून कान लावून बसावं, तर त्याच्या आधी दुसरं खांड गालात! शिवाय जुने तंतू तोडून नेणारी जी मंडळी असतात, ती त्या रसाने सुस्तावली. म्हणजे नवं विणून होतंय आणि जुनं कोणी उचलत नाही. विणीवर वीण चढत गेली. गालात आडवे-उभे पट्टे तयार झाले. त्या पट्ट्यांत रक्ताच्या बारीक नळ्या आवळल्या गेल्या आणि वरच्या अस्तराचा दाणापाणी तुटत चालला. अस्तर पांढरं पडलं, विरलं. बिचाऱ्या अस्तराच्या पेशी आमच्याकडे बघून कुरकुरायच्या, पण आम्हाला थांबायला सांगणारा हुकूमच येत नव्हता.

पहिला फटका ठेच्याला बसला. आयुष्यभर ज्या माणसाने हिरव्या मिरचीचा ठेचा बोटाने चाटून खाल्ला, त्याला वरणातली साधी फोडणी झोंबू लागली. कुसुमताई वैतागल्या. "इतकं मिळमिळीत मी माझ्या बाळंतपणात खाल्लं नव्हतं," असं म्हणत त्यांनी वेगळी भाजी करायला सुरुवात केली. मग भाकरीचा घास लहान झाला. मग भाकरी वरणात कुस्करून आली. एकनाथराव पूर्वी सात मजली हसायचे, ते आता ओठांत हसू लागले. बाजारात लोक म्हणाले, "सेठ वयानुसार गंभीर झाले." गंभीर कुठले! तोंडच उघडत नव्हतं.

एकनाथरावांनी कधी दातांना दोष दिला, कधी उन्हाळ्याला, कधी कुसुमताईंच्या मिरचीला. आबिड्समधल्या एका औषधांच्या दुकानातून गारेगार लागणारं मलम आणून चोळलं. आणि रोज गादीवर बसले की खांड डाव्या गालात जायचंच. मी आतून आक्रोश करत होते, अहो नका, अहो नका! पण पेशीचा आवाज कोणाला ऐकू जातो?

मग ती गोष्ट घडली. आमच्या अगदी डोक्यावर अस्तरातल्या काही पेशी बिघडल्या. उपाशी, रोज रसाने भाजलेल्या, त्यांनी कोणाचंच ऐकायचं सोडून दिलं. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा त्या माजत गेल्या. अस्तर आणि आमचा मोहल्ला यांच्यामधे एक पातळ पडदा असतो. एके दिवशी तो फाटला आणि त्या आमच्यात घुसल्या. मित्रांनो, खरी भीती पुढेच आहे. घुसल्यावर त्यांनी हाक मारली, आणि ती हाक हुबेहूब जखमेची होती. "जखम झालीय, धावा! विणा!" लहानपणी गालात दात घुसला तेव्हा जो आवाज आला होता, अगदी तोच.

आम्ही धावलो. आम्हाला दुसरं येतंच काय? त्यांच्याभोवती तंतू विणले. ते तंतू धरून धरून त्या पुढे सरकू लागल्या. त्यांना रक्त हवं होतं, आम्ही निरोप पाठवले आणि तिथे नव्या नळ्या फुटल्या. शरीराचे पहारेकरी, म्हणजे पांढऱ्या पेशी, आल्या होत्या. पण आमची वीण इतकी दाट झाली होती की त्या बाहेरच अडकल्या. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. कॅन्सर झाला तो अस्तराच्या पेशींना. आम्ही तंतुपेशी कॅन्सर झालो नाही. पण त्याला राहायला घर बांधून मिळालं ते आमच्याच हातून.

आमच्यात भांडणं जुंपली. काही जणी म्हणाल्या, हे काहीतरी भलतंच आहे, यांच्याभोवती वीण घट्ट आवळा, बाहेर पडू देऊ नका. काही जणी म्हणाल्या, जखम आहे, जखमेला वाट द्या. कोणी भिंत बांधत होती, तर कोणी त्याच भिंतीतून रस्ता काढत होती. मी कोणाच्या बाजूला होते म्हणून विचाराल, तर सकाळी यांच्या आणि दुपारी त्यांच्या. डोकं भणाणून गेलं होतं. एवढं मात्र खरं, की या सगळ्या आवळाआवळीत गालात एक टणक गाठ झाली. एकनाथरावांची जीभ सारखी तिथे जायची. चाचपायची आणि परत यायची. पण तोंडातून त्यांनी ब्र काढला नाही.

त्यांची मुलगी रेणू हायटेक सिटीत एका कंपनीत नोकरी करते. तिला बढती मिळाली, तेव्हा ती मोतीचुराच्या लाडवांचा डबा घेऊन घरी आली आणि पहिला लाडू बापाला भरवायला गेली.

"बाबा, आ करा ना."

"केलाय की."

लाडू दातांवर आपटून तिथेच थांबला. रेणूला वाटलं बाबा चेष्टा करताहेत. ती हसली, मग तिने वाकून नीट पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. "बाबा, धिस इज नॉट फनी. पूर्ण ओपन करा," ती म्हणाली. एकनाथरावांनी पुन्हा जोर लावला. आम्ही विणलेले पट्टे दोरखंडासारखे ताणले गेले, पण तोंड तेवढंच उघडलं. लाडवाचा चुरा त्यांच्या सदऱ्यावर पडला आणि कुसुमताई तो झटकत बसल्या.

दुसऱ्या दिवशी रेणू दोघांना घेऊन दातांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर भाग्यलक्ष्मी मूळच्या वरंगळकडच्या, बोलायला मोकळ्या. "नोरु तेरवंडि," म्हणजे तोंड उघडा, असं त्या आधी तेलुगूत म्हणाल्या आणि मग दक्खनीवर आल्या. तोंडात नेहमी तीन बोटं उभी मावतात. एकनाथरावांच्या तोंडात कसंबसं एक मावलं. डॉक्टरांनी विचारलं, गुटखा? नाही. तंबाखू? नाही. पान, बिडी, सिगरेट? एकनाथरावांनी मान ताठ करून सगळ्याला नाही म्हटलं. कुसुमताईंनी वरून भर घातली, "यांना चहासुद्धा लागत नाही हो." मी आत जिवाच्या आकांताने ओरडत होते. सुपारी विचारा! अहो बाई, सुपारी विचारा!

डॉक्टरांनी हातमोजा चढवला, एक बोट उजव्या गालात फिरवलं आणि मग डाव्या. उजवा मऊ होता. डावा जणू चामडी पट्टा. त्यांनी पुन्हा फिरवलं. बोट माझ्या डोक्यावरून गेलं आणि गाठीवर येऊन थांबलं.

"अंकल, ये बाजू में क्या रखते आप?"

"कुछ नई मॅडम. धंदे की सुपारी है, वो जरा चखतूँ. खाता नई."

"कब से चख रैं?"

"अब्बा, मतलब पिताजी, गद्दी पे बिठाए तब से."

डॉक्टरांनी हातमोजा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, "गाल को क्या मालूम अंकल, आप खा रैं कि चख रैं?"

हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. जे मला बोलता आलं नाही, ते त्या बाईंनी एका वाक्यात सांगून टाकलं. कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला.

गाठीचा एक बारीकसा तुकडा तपासायला गेला. माझ्या काही शेजारणी त्याच्याबरोबर गेल्या, त्या परत आल्या नाहीत. तपासणीत कॅन्सर निघाला. गाठ अजून मानेत उतरलेली नाही, लवकर कापली तर माणूस वाचेल, पण दिवस ढकलायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि सुपारी आजपासून बंद. चाखणंसुद्धा.

तुम्हाला वाटेल, लगेच ऑपरेशन झालं. छे! एकनाथराव घरी आले आणि म्हणाले, "लग्नसराई उरकू दे, मग बघू." रेणू रडली, भांडली, फोन आपटून निघून गेली. कुसुमताईंनी समजावलं, तेव्हा ते भडकलेच. "मांडवात सुपारीवाचून पान हलतं का? ऐन हंगामात दुकान बंद ठेवू?" मग आवाज खाली आला. "कुसुम, बाजार माझ्याकडे येत नाही. या गालाकडे येतो. हाच कापला तर मला कोण विचारील?"

इकडे माझा जीव टांगणीला लागला होता. गाठ रोज थोडी थोडी सरकत होती. आमच्या मोहल्ल्यातून मानेकडे जायच्या वाटा आहेत. तिथवर ती पोचली की खेळ खलास. ज्या जणी भिंत बांधत होत्या त्या थकल्या होत्या, आणि एकनाथराव दुकानात बसून पोती उघडत होते. माल नुसता बघायचा, चाखायचा नाही, असं ठरवून बसले होते. पण हात तळापर्यंत गेला की अडकित्ता वाजायचा आणि खांड तोंडात यायचंच. डावा गाल दुखायचा, म्हणून त्यांनी ते चक्क उजव्या गालात ठेवायला सुरुवात केली! ऐकून मला काय वाटलं असेल? उजव्या गालातल्या माझ्या बहिणी साध्याभोळ्या. त्यांना पहिल्यांदाच तो हुकूम आला होता आणि त्या हौसेने कामाला लागल्या होत्या. मला इथून त्यांना साधी हाक मारता येईना.

अशात एका दुपारी कुसुमताई मऊ खिचडीचा डबा घेऊन दुकानात आल्या. तिथे जालन्याचे जुने गिऱ्हाईक हिम्मतराव बसले होते. एकनाथराव त्यांच्याशी बोलत होते, पण शब्द डाव्या बाजूने येत होते. कुसुमताई दारातच थांबल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना नवऱ्याची कोणती बाजू बोलते आणि कोणती चाखते हे पाठ होतं. त्यांनी चपला काढल्या, सरळ गादीवर येऊन बसल्या, समोरच्या ताटलीतून एक खांड उचललं आणि आपल्या डाव्या गालात ठेवलं.

"अगं, हे काय?"

"चाखतेय. तुमचा गाल गेला तरी दुकान चालायला नको का? आजपासून मी बसेन."

हिम्मतराव हसू लागले. एकनाथरावही हसायला गेले. पण कुसुमताई हसत नव्हत्या. त्या मांडी घालून, हात जुळवून, समोर बघत बसल्या होत्या. रस सुटायला लागला. त्यांना सवय नव्हती. कान लाल झाले, कपाळावर घाम आला, डोळे गरगरले. पण त्यांनी तोंड मिटलेलंच ठेवलं.

"कुसुम, थूक."

"का? खात नाहीये मी. चाखतेय."

"थूक म्हणतो ना!"

मित्रांनो, तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या तोंडातून एवढा आवाज निघण्याइतकी जागाच नव्हती. आमचे पट्टे कडाकड ताणले गेले, विरलेलं अस्तर फाटलं, गालात रक्त आलं. तरी ते ओरडले, "थूक ते, थूक, मरशील!" आणि ओरडता ओरडता त्यांनी आपली ओंजळ तिच्या हनुवटीखाली धरली. कुसुमताईंनी त्या ओंजळीत खांड थुंकलं. मग त्या तोंडात पदर कोंबून हमसाहमशी रडायला लागल्या.

एकनाथराव ओंजळीकडे बघत राहिले. 'मरशील' हा शब्द त्यांच्याच तोंडातून निघाला होता. चाखण्याने कोणी मरतं हे त्यांनी आजवर डॉक्टरांपुढे कबूल केलं नव्हतं, मुलीपुढे नव्हतं, स्वतःपुढे तर नव्हतंच. मग त्यांनी बोट घालून आपल्या उजव्या गालातलं खांड काढलं आणि त्याच ओंजळीत, तिच्या खांडाशेजारी ठेवलं. हिम्मतरावांना म्हणाले, "माल दुसरीकडे बघा. दुकान बंद आहे." आणि रेणूला फोन लावला. नीट बोलता येईना, तेव्हा फोन कुसुमताईंकडे दिला.

ऑपरेशन झालं. गाठ आणि तिच्या भोवतालचा आमचा मोहल्ला कापून काढला गेला. मी अगदी कडेला होते म्हणून उरले. मनगटाजवळची कातडी आणून तिथे जोडली. तिच्यातल्या तंतुपेशी आता माझ्या शेजारणी आहेत. त्यांनी आयुष्यभर फक्त घड्याळाचा पट्टा पाहिलेला. खिचडीचा पहिला चमचा आला तेव्हा त्या घाबरून मला बिलगल्या. आता हळूहळू रुळताहेत. एकनाथराव रोज दातांमधे लाकडी पट्ट्या धरून तोंड उघडायचा व्यायाम करतात. कुसुमताई समोर बसून आ करून दाखवतात आणि ते चिडतात. दुकानात आता वेलदोडे, लवंगा, मनुका आहेत. सुपारी नाही. गिऱ्हाईक कमी झालं आहे. बाजारातले लोक दारावरून जातात, नमस्कार करतात आणि पुढे जातात. एकनाथरावांना ते लागतं. त्यांच्या हाताला चैन पडत नाही, उगाच पोत्याच्या तळापर्यंत जातो आणि वेलदोड्याची मूठ घेऊन वर येतो.

डॉक्टर म्हणतात, कापलेल्या कडा साफ आहेत. पण तपासायला येत राहा. त्या असं का म्हणतात ते मला ठाऊक आहे. ऑपरेशनची जखम भरायला आता पुन्हा हुकूम येतोय, "विणा!" आणि मी विणतेय. पण पूर्वीसारखा आनंद होत नाही. प्रत्येक हाकेला मी दचकते. ही खऱ्या जखमेची हाक आहे, की कुठे कडेला लपून राहिलेली एखादी बिघडलेली पेशी मला बोलावतेय? दोघींचा आवाज अगदी एकसारखा आहे हो. मला ओळखता येत नाही. मी विणते आणि घाबरते, घाबरते आणि विणते. माझं आता हे असंच चालायचं.

तुमच्या शाळेबाहेरच्या टपरीवर लाल-पिवळ्या पुड्यांत गोड सुपारी टांगलेली असते. यात कुठे तंबाखू आहे, असं तुम्ही म्हणाल. आम्ही थोडीशीच खातो म्हणाल, किंवा नुसती चव बघतो म्हणाल. ती पुडी तोंडात रिकामी कराल, तेव्हा तुमच्या गालातही माझ्यासारखी एक जण उठेल आणि मोठ्या उत्साहाने कामाला लागेल. ती तुम्हाला काही विचारणार नाही, काही सांगणारही नाही. तिला वाटेल, माझ्या बाळाला लागलंय. मुलांनो, आम्हाला विणता येतं, थुंकता येत नाही. ते फक्त तुम्हाला येतं. तोंड पूर्ण उघडतंय तोवर थुंकून टाका रे.